कांतीचा हात आणि आमचं मशीन

लखनऊत मी तीस वर्षं लोकांना चटके दिले आणि त्याबद्दल दरमहा पगार घेतला. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने शाल दिली, चिकनकारीची साडी दिली आणि एक मानपत्र वाचून दाखवलं. त्यात ‘मानवी वेदना दूर करण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या’ असं माझं वर्णन होतं. माझ्यामुळे कोणाची वेदना दूर झाली, याचा उल्लेख मात्र नव्हता. मानपत्र लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. त्याने शोधलं असेल, सापडलं नसेल.

माझं माहेर मिरजेचं. नवरा हवाई दलात. त्यांची बदली लखनऊला झाली तेव्हा मी मेंदूविज्ञानातली पदवी आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन मागोमाग आले. इथल्या एका संशोधन संस्थेत मला नोकरी लागली. पुढे यांची बदली झाली, आणखी एकदा झाली, मी काही हलले नाही. शेवटी हेच निवृत्त होऊन तेलीबागेत माझ्याकडे राहायला आले. अजूनही ते घराला ‘तुझं क्वार्टर’ म्हणतात.

आमच्या दारावर ‘भावना एवं पीड़ा प्रयोगशाला’ अशी पाटी होती. ती वाचून लोक आत येत. गुडघे घेऊन येत, मूळव्याध घेऊन येत. एक बाई सुनेला हाताला धरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर साहब, इसमें भावना बिल्कुल नहीं है। ज़रा जाँच कर दीजिए।” सून माझ्याकडे बघून एवढी गोड हसली की कोणाची जाँच करायला हवी ते मला मशीनशिवाय कळलं.

आता आम्ही करत काय होतो ते सांगते. माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. तिने शाळेत असताना विचारलं होतं, “मम्मी, आप लोग दर्द ठीक करते हो या पैदा करते हो?” खरं उत्तर होतं, पैदा करते हैं. रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते. ती स्वयंसेवकाच्या हातावर बांधायची आणि तापवायची. कातडी भाजत नाही, पण चटका चांगला बसतो. मग विचारायचं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पनाच करवत नाही, तर आता किती? तो आकडा सांगतो, आपण लिहितो. हे सगळं तो स्कॅनरच्या बोगद्यात पडलेला असताना करायचं आणि त्याच्या मेंदूत कुठे रक्त जास्त धावलं ते बघायचं. चटका हातावर बसतो, पण ‘बाप रे’ मेंदूत होतं. ते ‘बाप रे’ कुठे होतं, भीती वाटली तर वाढतं का, कोणी हात धरला तर कमी होतं का, हे आम्ही शोधत होतो. विषय सुंदर आहे. आकडा सांगणारी माणसं मधे येतात, एवढीच अडचण.

आणि लखनऊची माणसं! आमचे एक ठरलेले स्वयंसेवक होते, सक्सेना मास्तर. निवृत्त गणित शिक्षक. चकती इतकी तापवली की त्यांच्या कपाळावर घाम आला, पाय थरथरले. आकडा विचारला तर म्हणाले, “साढ़े छह।” मी म्हटलं, मास्टरजी, एवढंच? तर बोगद्यातून आवाज आला, “देखिए, दस में दस तो हमने जीवन में किसी को नहीं दिए।” दुसरे एक गृहस्थ आकडा सांगण्याआधी मलाच विचारायचे, “आपके हिसाब से कितना होना चाहिए?” पाहुणचाराचा अपमान होऊ नये म्हणून लोक चटक्याला कमी मार्क देत आणि जाताना “बहुत अच्छा लगा” म्हणत. या आकड्यांवर मी शोधनिबंध लिहिले. ते परदेशात छापून आले. तिथल्या लोकांना वाटलं असेल, उत्तर हिंदुस्थानात माणसं फार सहनशील आहेत.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. आता कांतीचं सांगते.

कांती अमौसीच्या विमानतळावर विमानं झाडायचं काम करायची. एक विमान उतरलं की प्रवासी बाहेर आणि या बायका आत. पुढचे प्रवासी चढायच्या आत सीटा, खालची जमीन, डोक्यावरचे सामानाचे कप्पे, सगळं पुसून बाहेर. तिचा उजवा हात दुखायला लागला. खांद्याचा एक्स-रे झाला, मनगटाचा झाला, दोन्ही स्वच्छ. तिने हलकं काम मागितलं. तिच्या ठेकेदाराच्या मॅनेजरला, दुबेजींना, त्यात नाटक दिसलं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की रायबरेली रोडला, म्हणजे आमच्या संस्थेत, एक असं मशीन आहे, जे दर्द पकडतं. त्यांनी आमच्या संचालकांना फोन केला.

संचालकसाहेबांना कोणी बाहेरचं आमच्या मशीनची चौकशी करतंय याचाच एवढा आनंद झाला की ते स्वतः जिना उतरून माझ्या खोलीत आले. “मैडम, अब हमारी साइंस समाज के काम आएगी।” मी म्हटलं, सर, एका माणसाच्या चित्रावरून असं सांगता येत नाही. ते म्हणाले, “कुछ तो बता पाएँगी? इतनी बड़ी मशीन है।” इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला माझ्या कामाचा उपयोग करून घ्यायचा होता. मला ते आवडलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

दुबेजी कांतीला घेऊन आले. चाळिशीची, बारीक, निळ्या युनिफॉर्ममधली बाई. डाव्या हातात उजवा हात धरून बसली होती. दुबेजी तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते. “मशीन में डालकर देख लीजिए। सच है तो सच, नाटक है तो नाटक।”

मी फॉर्म काढला आणि तिला विचारलं, दर्द कसा आहे?

ती म्हणाली, “हाथ ऊपर करती हूँ न, डिब्बे पोंछने को, तब होता है। गर्दन से चलता है और छोटी उँगली तक जाता है। जैसे कोई अंदर से तागा खींच रहा हो।”

मी म्हटलं, “ये फ़ॉर्म में नहीं आएगा। आप नंबर बताइए।”

“नंबर से क्या होगा?”

“बताइए तो।”

तिने थोडा विचार केला. “आठ।”

“देखिए,” दुबेजी म्हणाले, “कितने आराम से आठ बोल दिया।”

मी आठ लिहिलं. ‘हाथ ऊपर करती हूँ’ हे लिहिलं नाही, आतून ओढला जाणारा दोरा लिहिला नाही, कारण त्याला रकाना नव्हता. मग आमचे तंत्रज्ञ त्रिपाठीजी यांनी तिला स्कॅनरमध्ये घातलं. बोगदा अरुंद असतो. माणूस उताणा पडतो, हात दोन्ही बाजूंना सरळ. म्हणजे जो हात वर केल्यावर दुखतो, तो आम्ही खाली ठेवून, पट्ट्याने बांधून, चाळीस मिनिटं बघत राहिलो. ती बाहेर आल्यावर म्हणाली, “इसमें तो अच्छा आराम मिला।” दुबेजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मी रिपोर्ट लिहिला. आमच्या धंद्यात एक इंग्रजी असतं, ज्यात लिहिलेलं वाक्य कोर्टात गेलं तरी लिहिणाऱ्याचं काही बिघडत नाही. त्या इंग्रजीत मी लिहिलं की तपासणीच्या वेळी वेदनेशी निगडित अशी विशेष हालचाल मेंदूत आढळली नाही. शब्दन्‌शब्द खरा होता. खाली सही केली, संस्थेचा गोल शिक्का मारला आणि जेवायला गेले.

तीन आठवड्यांनी कांती एकटी आली. दुपारची वेळ होती. पर्समधून चौघडी घातलेला कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला. “मैडम, ये आपका काग़ज़ है। इसी से मेरा नाम कट गया। सब कहते हैं इसमें लिखा है मैं झूठी हूँ। अंग्रेज़ी में है। आप पढ़कर सुना दीजिए।”

मी म्हटलं, असं नाही लिहिलेलं.

“तो क्या लिखा है?”

मी माझंच वाक्य हिंदीत करायला लागले. इंग्रजीत ते केवढं भारदस्त होतं. हिंदीत येता येता त्याची कवचकुंडलं गळत गेली आणि शेवटी जे उरलं ते होतं, “कुछ नहीं निकला।”

“मतलब दर्द नहीं है।”

“नहीं, नहीं,” मी घाईने म्हणाले. मग मी तिला समजावलं. आमचं मशीन फक्त बदल पकडतं. घरात पंखा सतत चालू असला तर त्याचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो, तसं सतत दुखत असलं की मशीनला वेगळं काही दिसत नाही. शिवाय हात खाली होता. शिवाय एका माणसावरून काही ठरत नाही, पंचवीस-तीस लोकांची चित्रं एकत्र करावी लागतात. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. मी चांगलं समजावते, विद्यार्थी म्हणायचे.

कांतीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तो यही लिख देतीं।”

पुष्कळ परिषदांमध्ये मला पुष्कळ हुशार माणसांनी प्रश्न विचारले आहेत आणि मी कोणालाच सोडलेलं नाही. इथे मात्र माझ्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवण्यापलीकडे काही झालं नाही. ती पाणी प्यायली नाही. तिने कागदाची पुन्हा चौघडी घातली, डाव्या हातानेच, आणि उठायला लागली. मी म्हटलं, थांबा.

तिच्यासमोरच मी दुसरं पत्र लिहिलं, साध्या हिंदीत. कांतीला दर्द आहे की नाही हे आमचं मशीन सांगू शकत नाही. कोणाचंच सांगू शकत नाही. हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, चूक माझी आहे. तिला वाचून दाखवलं. “दोबारा पढ़िए,” ती म्हणाली. दोबारा वाचलं. मग शिक्का मारला.

हे पत्र दुबेजींकडून फिरत संचालकांकडे गेलं. त्यांनी मला बोलावलं. “मैडम, आपने तो मशीन की इज़्ज़त ही उतार दी। करोड़ों की चीज़ है, और आप लिखकर दे रही हैं कि कुछ बता नहीं सकती!” मी म्हटलं, सर, मशीन काही बोललंच नव्हतं. बोलले मी. ते म्हणाले, “तो मत बोलतीं।” एवढ्यावर मात्र आमचं एकमत होतं.

दोन दिवसांनी दुबेजी स्वतः भांडायला आले. आले तेव्हा गाल सुजून टोमॅटो झालेला. डावी दाढ ठणकत होती, एक हात गालाला, दुसऱ्या हातात माझी दोन्ही पत्रं. “मैडम, पहली चिट्ठी सही है कि दूसरी? मशीन या तो काम करती है या नहीं करती।” प्रत्येक वाक्यानंतर ते ‘स्स्स’ करत होते.

मी विचारलं, “बहुत दर्द है?”

“रात भर सोया नहीं। जान निकल रही है।”

“नंबर बताइए।”

“दस! दस में दस!”

त्या दिवशी ठरलेला स्वयंसेवक आला नव्हता आणि स्कॅनर रिकामा होता. मी म्हटलं, चला तर, तुमची दाढ बघू. पुढे जे मी केलं ते आजच्या नियमांत बसणार नाही, तेव्हाच्याही बसत नव्हतं. दुबेजी तयार झाले, कारण त्यांचा मशीनवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. फॉर्मवर सही केली, घड्याळ-पट्टा काढला आणि आत गेले. आतून ‘हाय राम’ असं ऐकू येत होतं. त्रिपाठीजी गंभीर चेहऱ्याने पडद्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी त्यांना चित्र दाखवलं. करड्या रंगाचा, निवांत मेंदू. कुठेही काही पेटलेलं नाही. मी म्हटलं, “दुबेजी, कुछ नहीं निकला। लिख दूँ?”

ते चित्राकडे बघत राहिले. मग गाल दाबत म्हणाले, “लेकिन मेरे को तो है।”

“हाँ,” मी म्हटलं. “है।”

ते खुर्चीवर बसले. मग दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारला. आठवड्याने कांती कामावर परत आली. तिला विमानातली पांघरुणं घडी करून पिशवीत भरायचं काम मिळालं. दुबेजी वाईट माणूस होते असं मला म्हणवत नाही. त्यांनी निदान स्वतःची दाढ पणाला लावली. मी काय लावलं होतं?

पण हात दुखतच होता. आमच्याच आवारात समोरच्या इमारतीत एक तरुण सर्जन नुकताच रुजू झाला होता. त्याच्याकडे मी कांतीला घेऊन गेले. त्याने कॉम्प्युटर बाजूला सारला आणि विचारलं, “अम्मा, क्या होता है, बताइए।” ती चाळिशीची आणि हा अम्मा म्हणतोय म्हणून मला राग आला, तिला आला नाही. तिने परत तेच सांगितलं. हात वर, गर्दन से, छोटी उँगली, तागा. त्याने तिचे दोन्ही हात वर करायला लावले, मुठी उघड-मीट करायला सांगितल्या आणि उजव्या मनगटावर दोन बोटं ठेवून उभा राहिला. अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, “नब्ज़ गई।” हात खाली घेतला, नाडी परत आली.

मानेचा एक्स-रे काढला. मानेच्या मणक्याला एक जास्तीची बरगडी होती, जन्मापासूनची. हात वर केला की ती हाताकडे जाणारी नस आणि रक्तवाहिनी दाबायची. खांद्याचे झाले, मनगटाचे झाले, मानेचा एक्स-रे कोणी काढलाच नव्हता.

सर्जनने मला अगदी सहज विचारलं, “मैडम, आपके यहाँ हाथ ऊपर करवाया था?”

“हमारी मशीन में हाथ ऊपर करने की जगह नहीं है,” मी म्हणाले. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

ऑपरेशन झालं. तागा गेला, असं कांती म्हणाली. बोटं अजून थंडीत बधिर होतात. उशीर झाला की नस पूर्ण सावरत नाही. त्या उशिरात माझे नेमके किती आठवडे होते ते मी मोजलेले आहेत, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

संचालकसाहेबांनी या प्रकरणाचा शेवट आपल्या पद्धतीने केला. कांती बरी झाल्याचं कळताच त्यांनी एका स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदाराला चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘मशीन ने पकड़ा महिला का छिपा दर्द’. सोबत स्कॅनरचा फोटो आणि स्कॅनरला टेकून उभे साहेब. मी तक्रार करायला गेले. ते म्हणाले, “मैडम, आपकी लैब का ही तो नाम हुआ है।” मी खुलासा लिहून दिला. तो छापला गेला नाही, आणि मीही दुसऱ्यांदा गेले नाही. त्या वर्षी आम्हाला नवीन चकती मिळाली, जुन्यापेक्षा लवकर तापणारी.

पुढे विमानतळावरचा ठेका दुसऱ्या कोणाकडे गेला आणि जुन्या बायकांना घरी बसवण्यात आलं. बरगडी काढलेल्या आणि न काढलेल्या, सगळ्यांना. कांती आता तेलीबागेतच डबे करते. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. हे कधीकधी तिच्याकडून अरहरची दाल आणतात आणि ‘तुझ्यापेक्षा बरी करते’ असं मला मुद्दाम मराठीत, तिच्यासमोर सांगतात.

गेल्या महिन्यात ती मला भाजीबाजारात भेटली. सोबत शेजारची एक बाई होती. कांतीने ओळख करून दिली, “ये वही डॉक्टर दीदी हैं, जिनकी मशीन में मैं गई थी।”

त्या बाईचे डोळे मोठे झाले. “हाँ, अख़बार में आया था न! तो मशीन से ही पता चला था?”

कांतीने माझ्याकडे बघितलं. सरळ, नीट. मग त्या बाईला म्हणाली, “हाँ। बहुत बड़ी मशीन है।”

चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही. खोटं बोलते की खरं, हे शोधायला ज्या बाईला माझ्याकडे पाठवलं होतं, ती भर बाजारात माझी लाज राखायला खोटं बोलत होती, आणि जगातलं कुठलंही यंत्र तिला पकडू शकलं नसतं.

ती बाई लगेच म्हणाली, मग माझ्या सासूबाईंनाही घालू या का तुमच्या मशीनमध्ये, त्यांची कंबर धरते. मी म्हटलं, मी निवृत्त झाले आता. सर्जनचं नाव सांगितलं. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले.

तिथेच सांगायला हवं होतं. फार मोठं वाक्य नव्हतं ते. तिथे सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते: कांतीच्या हाताचं दुखणं आमच्या मशीनला दिसलं नाही, मलाही दिसलं नाही. ते तिने स्वतः पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं.